पाठीकडची बाजू

ब्रँटवेलमध्ये त्या डिसेंबरात लोक एकमेकांची खुशाली विचारायचं विसरले होते. न्हाव्याच्या खुर्चीत बसा, चर्चच्या तळघरात शुक्रवारी तळलेले मासे खायला जा, गाडीत पेट्रोल भरायला थांबा, विषय एकच. गावच्या संघाने, हॅमर्सनी, ओरिन क्रावचॅकला डेलमारच्या संघाला देऊन टाकलं, त्यात संघाचं भलं झालं की वाटोळं? रेडिओवर तर सकाळपासून हेच दळण. ज्यांना बायकोच्या वाढदिवसाची तारीख धड सांगता येत नाही, ते फोन करून ओरिनच्या डाव्या गुडघ्याचा अख्खा इतिहास सांगत होते.

आता हा ओरिन कोण, ते सांगायला हवं. इथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचा आणि फेकायचा खेळ. पायाचा संबंध नावापुरता. त्यात चेंडू फेकणारा एक क्वार्टरबॅक, सगळं कौतुक त्याचं. आणि त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड माणसं, ज्यांच्या नशिबी चेंडूला हात लावणं नाही. समोरून आडदांड गडी धावून येतात, त्यांना छातीवर घ्यायचं आणि मागच्या पोराला दोन श्वासांची सवड मिळवून द्यायची, एवढंच यांचं काम. लाइनमन म्हणतात त्यांना. विजेच्या खांबावर चढणारे ते वेगळे, पण मरणाशी गाठ यांचीही तेवढीच. ओरिन डाव्या टोकाचा. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ तिकडे वळलेली असते, त्या बाजूने येणारा मार त्याला दिसतच नाही. बारा हंगाम ओरिनने हॅमर्सच्या क्वार्टरबॅकची ती बाजू सांभाळली. संघातली पोरं त्याला म्हातारबा म्हणायची. पस्तिशीच्या माणसाला म्हातारबा. या धंद्यात तेही खोटं नव्हतं.

नोव्हेंबर लागताच हॅमर्सनी त्याला डेलमार हेरन्सना दिला आणि बदल्यात पुढच्या वर्षी एक ताजा खेळाडू आधी निवडायचा हक्क घेतला. त्याच्या जागी एमेका नावाचा तरणा पोरगा उभा केला. आणि देवाशपथ सांगायचं तर पोरगा झकास निघाला. ओरिनच्याच हाताखाली तयार झालेला, पाय मात्र ओरिनपेक्षा चपळ. हॅमर्स जिंकत सुटले. म्हणजे वाद घालायला तसं काही उरलंच नव्हतं. पण लोकांना वाद हवा असतो, आणि ब्रँटवेलमध्ये हिवाळ्यात दुसरं असतं तरी काय.

ओरिनला कुणी विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं की संघाचं भलंच झालं. त्याचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता, आणि ती गोष्ट रेडिओवर कुणाच्या तोंडी नव्हती.

झालं असं. डेलमारचा पुढचा सामना हॅमर्सशीच होता, तोही ब्रँटवेलच्या मैदानावर. त्या आठवड्यात डेलमारच्या प्रशिक्षकाने सगळ्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून हॅमर्सच्या मागच्या सामन्यांच्या चित्रफिती दाखवल्या. पडद्यावर वेस हॅलबर्ट होता, हॅमर्सचा क्वार्टरबॅक. तेविशीतला, सडपातळ, अख्ख्या शहराच्या गळ्यातला ताईत. कुणीतरी त्याला आडवा केला. डोकं जमिनीवर आपटलं. वेस उठला आणि हसला. अगदी दात दाखवून हसला. खोलीत पोरं खदखदली. एक जण म्हणाला, याला मार म्हणजे गुदगुल्या वाटतात का रे. प्रशिक्षकाने दुसऱ्या सामन्याची फीत लावली. पुन्हा आपटी, पुन्हा तेच हसू. मग तिसऱ्याची. ओरिन एकटा हसला नाही.

कारण ते हसू त्याला पाठ होतं. शहराला वाटायचं, काय छातीचा पोरगा आहे, मार खाऊन हसतो. त्या हसण्याचे फोटो छापलेले शर्ट विकले जायचे. पण वेस शुद्धीत असला की पडल्यावर शिव्या द्यायचा. डोकं हललं, आत सगळं गढूळ झालं, की तेवढं हसायचा. मैदानाबाहेर डॉक्टर असतो, वर काचेमागे दुर्बीण घेऊन माणूस बसलेला असतो, नियमांचं बाड असतं. पण सगळे बघतात कोण लडखडतो, कोण ओकतो. हसणाऱ्याला कोण थांबवणार? मागच्या हंगामात ओरिनने ते दोनदा ओळखलं होतं. दोन्ही वेळा तो स्वतःच गुडघा धरून मैदानात लोळला होता. लाइनमन पडला की खेळ थांबतो, डॉक्टर धावत येतो. डॉक्टर वाकला की ओरिन हळूच म्हणायचा, माझं सोडा, पोराला बघा. दोन्ही वेळा वेसला बाहेर बसवलं आणि दोन्ही सामने हॅमर्स हरले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा गुडघा कामातून गेला. आणि तिथूनच त्याला देऊन टाकायची भाषा सुरू झाली.

ओरिनला हे एवढं का लागावं? त्याच्या शेजारी सात हंगाम डेल पिकेट नावाचा गडी खेळला होता. दोघांची घरं एका गल्लीत, दोघांच्या बायका मैत्रिणी. डेल आज चाळिशीत एका शुश्रूषागृहात असतो. ओरिन भेटायला जातो तेव्हा तो दर थोड्या वेळाने विचारतो, आज सामना कुणाशी आहे. स्वतःच्या मुलीला ताई म्हणतो. डोक्यावर कितीदा आपटला तरी त्याला कधी कुणी बाहेर बसवलं नव्हतं. ओरिनला शेजारी उभं राहून तेव्हा काही कळलं नव्हतं, आणि आता कळत होतं तर तो दुसऱ्या गावच्या संघात जाऊन बसला होता.

त्याच दिवशी दुपारी ओरिनने हॅमर्सच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर फेल्डर जुना ओळखीचा, ओरिनची दोन्ही बाळंतपणं, म्हणजे त्याच्या बायकोची, डॉक्टरच्याच बायकोने केलेली. ओरिनने सगळं सांगितलं. तीन सामने, तीन वेळा ते हसू. त्याला निदान एकदा तरी नीट तपासा, म्हणाला, आणि रविवारी बसवून ठेवा.



"ओरिन," फेल्डर म्हणाला, "तुझ्या अंगात आता कुठल्या रंगाचा शर्ट आहे?"

"शर्टाचं काय घेऊन बसलात डॉक्टर?"

"सामना चार दिवसांवर आलाय. समोरच्या संघातला माणूस मला फोन करून सांगतो की तुमचा क्वार्टरबॅक बसवा. मी हे आमच्या प्रशिक्षकाला सांगितलं तर तो हसून लोळेल. पोराच्या सगळ्या चाचण्या व्यवस्थित आहेत. फोन ठेवतो मी."

ओरिनला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बारा वर्षं त्याचा शब्द त्या इमारतीत दगडावरची रेघ होता, आणि एका सहीने त्या शब्दाला किंमत उरली नव्हती. त्याने मग हॅमर्सच्या मधल्या लाइनमनला गाठलं, ज्याच्या लग्नात तो नवरदेवाच्या शेजारी उभा राहिला होता. त्यानेही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हातारबा, डाव चांगला आहे, पण आम्ही एवढे बावळट नाही. ओरिनने शपथा घेतल्या. तो हसतच राहिला.

शनिवारी डेलमारचा संघ ब्रँटवेलला उतरला. ओरिनचं बिऱ्हाड अजून तिथेच होतं, मुलांची शाळा अर्ध्यात कशी सोडायची म्हणून. प्रशिक्षकाने त्याला चार तास घरी जायची मुभा दिली. बायको मार्नीने कोबी घालून सॉसेज केलं होतं, बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, केल्या होत्या. सासरे, वॉल्ट डोंबेक, आधीच येऊन बसले होते. पोलादाच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. अंगात हॅमर्सचा काळा-नारिंगी स्वेटर. जावई समोरच्या संघात गेला म्हणून स्वेटर बदलणारे ते नव्हेत.

स्वयंपाकघरातला रेडिओ चालूच होता. कुणी एक बाई तावातावाने सांगत होती की बारा वर्षांच्या माणसाला असं वाऱ्यावर सोडतात का, निष्ठा म्हणून काही चीज आहे की नाही. वॉल्टनी बशीतून डोकं वर न काढता म्हटलं की निष्ठेने गुण मिळत नाहीत. मग जावयाकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, तुझ्या तोंडावर बोलतो, राग मानू नकोस, पण तू गेल्यापासून संघ सुटल्यासारखा खेळतोय. मार्नीने बापाला डोळ्यांनी दटावलं. म्हातारा काय ऐकतो. त्यांनी एमेकाचे पाय, ओरिनचा गुडघा, वेसला गेल्या महिन्यात किती कमी वेळा पाडलं, सगळं बोटांवर मोजून मांडलं.

ओरिनने काटा खाली ठेवला. त्याने त्यांना सगळं सांगितलं, डेलचं, हसण्याचं, त्या दोन खोट्या गुडघेदुखींचंसुद्धा. इतके दिवस हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मार्नी ओट्याला टेकून उभी राहिली. तिने डेलला पाहिलेलं होतं, तिला पुढचं सांगायची गरज नव्हती.

वॉल्ट मात्र खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे ते दोन सामने तू घालवलेस," ते म्हणाले.

"वॉल्ट, तुम्ही ऐकलंत का मी काय म्हणालो ते?"

"ऐकलं. तू मुद्दाम पडलास. मी त्या थंडीत वर गॅलरीत बसून तुझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करत होतो, आणि तू मुद्दाम पडलास. मग तुला दिला ते उत्तमच केलं की त्यांनी."

ओरिनने हात टेकले. हा माणूस दुष्ट नव्हता हो, नातवंडांसाठी जीव टाकणारा होता. पण रविवारच्या त्या तीन तासांत त्याला क्वार्टरबॅक दिसायचा, पोरगा दिसायचा नाही. आणि अख्खं शहर तसंच होतं. ओरिन उठून मागच्या अंगणात गेला, बर्फात उभं राहून त्याने वेसला फोन लावला. तीन दिवस वेस त्याचा फोन घेत नव्हता. त्या दिवशी घेतला.

"बोल म्हातारबा."

"वेस, उद्या खेळू नकोस. पोटात दुखतं म्हण. काहीही सांग."

 वेसचा आवाज थंड झाला. म्हणाला, तू मला दोनदा बाहेर काढलंस. अख्खं गाव मला भित्रा म्हणालं असतं, नशीब त्यांनी तुझ्या गुडघ्याला शिव्या दिल्या. तुला द्यायच्या आधी प्रशिक्षकाने मला बोलावून विचारलं होतं, याला दिला तर चालेल का. "आणि मी म्हटलं, जाऊ दे त्याला. कळलं? मीच म्हटलं. तू आता डेलमारचा आहेस. तिकडच्यांची काळजी कर."

"तुझं डोकं दुखतं का सकाळी?" ओरिनने विचारलं. "उजेड सहन होतो का?"

फोन बंद झाला होता. ओरिन तसाच उभा राहिला. त्याला रडू यायला लागलं, दीडशे किलोच्या माणसाला, आणि आतून मार्नी काचेतून बघत होती म्हणून त्याने तोंड कुंपणाकडे फिरवलं. पोराने आपल्याला घालवलं याचं दुःख नव्हतं असं नाही. होतंच. पण त्याहून मोठी भीती होती ती उद्याची, आणि तिच्यापुढे बाकी सगळं फिकं होतं.

रविवारी मैदान खचाखच भरलं. ओरिन बाहेर आला तेव्हा अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अर्ध्यांनी हुर्यो केली. तिथेही वाद चालूच. सामना ओरिनने नीट खेळला. त्याची पाळी असायची तेव्हा तो डेलमारच्या क्वार्टरबॅकची पाठीकडची बाजू धरायचा आणि इमानाने झुंजायचा. पण चेंडू हॅमर्सकडे गेला की त्याला बाहेर येऊन रेषेशी उभं राहावं लागायचं, कारण या खेळात चढाई करणारी माणसं वेगळी आणि अडवणारी वेगळी. तेव्हा त्याचे डोळे एकट्या वेसवर असायचे. एमेका जिवाच्या आकांताने खेळत होता. त्याच्या बाजूने मुंगी आत येत नव्हती. त्या पोराला कुणी बोल लावू नये.

शेवटच्या टप्प्यात डेलमार चार गुणांनी पुढे होतं आणि चेंडू हॅमर्सकडे होता. वेसला फेकायला कुणी मोकळं दिसेना, म्हणून तो स्वतःच चेंडू घेऊन धावला, डेलमारच्या बाकांच्या दिशेने. रेषेजवळ दोघांनी त्याला हवेत उचलला आणि आपटला. ओरिनच्या पायांपासून हातभर अंतरावर. हेल्मेटचा जमिनीवर झालेला आवाज त्याने ऐकला. वेस कुशीवर वळला, एका हातावर उठला, त्याने वर बघितलं. सरळ ओरिनच्या तोंडाकडे बघितलं आणि हसला.

गॅलऱ्या गरजल्या. त्यांचा वाघ पुन्हा उठला होता.

ओरिनने पंचाची बाही धरली. म्हणाला, या पोराला थांबवा, तो भानावर नाही. पंच म्हणाला, हात काढ, रेषेच्या मागे हो. ओरिनने मैदानापलीकडे फेल्डरला हाक मारली, हात हलवले. त्या गोंगाटात कोण ऐकतं. फेल्डरने बघितलं मात्र. बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. डेलमारच्या प्रशिक्षकाला ओरिनने सांगितलं की वेळ मागून खेळ थांबवा, पोरगा मरेल. प्रशिक्षक म्हणाला, तो पोरगा त्यांचा आहे. बरोबरच होतं त्याचं, त्याच्या परीने.

हॅमर्सचे पाच लाइनमन रांगेत वाकले. क्वार्टरबॅक नेहमी मधल्याच्या मागे उभा राहतो, चेंडू तोच मागे देतो. लहान पोरांनाही माहीत असतं. वेस येऊन मधल्याच्या शेजाऱ्यामागे उभा राहिला. हात पुढे केले आणि चेंडूची वाट बघत राहिला, हसत. एमेकाने मान वळवून बघितलं. मधल्यानेही बघितलं. कुणालाच काय करावं सुचेना, आणि समोर डेलमारचे चार राक्षस जमिनीला हात टेकून सुटायच्या तयारीत होते.

ओरिन रेषा ओलांडून आत गेला.

पळत नाही, चालत गेला. पळाला असता तर पोरगा दचकला असता. शिट्ट्या वाजल्या, नियम मोडला म्हणून पंचांचे पिवळे रुमाल हवेत उडाले. आपल्याच संघातलं कुणीतरी मागून ओरडलं की वेडा झालास काय. ओरिनला माहीत होतं हे काय आहे. दंड म्हणून समोरच्यांना पुढची जमीन फुकटात, हातातला सामना गेला, त्याची हकालपट्टी, आणि पस्तिशीत नवा संघ दारात उभं करत नाही. त्याने वेसला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि तसाच त्याच्यासकट खाली बसला, म्हणजे कुणाला त्याला उठवता येऊ नये.

गॅलऱ्यांना वाटलं, जुना माणूस पोरावर चालून गेला. वरून बर्फाचे गोळे आले, बियरचे पेले आले. त्या गर्दीत वॉल्टही होते. ओरिनने मान खाली घातली आणि वेसचं डोकं आपल्या छातीखाली घेतलं.

"म्हातारबा," वेस म्हणाला. आवाज अगदी शांत, लहान मुलासारखा. "डाव कुठला सांगितला? मला ऐकू आलं नाही."

"डाव नाही आता. बस जरा माझ्याजवळ."

"तू कुठे होतास? मघापासून शोधतोय तुला."

 फेल्डर धापा टाकत आला आणि गुडघ्यावर बसला. त्याने वेसचे डोळे बघितले, महिना कुठला विचारला. वेस विचारात पडला. मग फेल्डरने ओरिनकडे बोट करून विचारलं, हा कोण.

"हा?" वेस म्हणाला. "हा आपला डावा."

फेल्डरची नजर ओरिनच्या बाहीवर, डेलमारच्या निळ्या रंगावर, गेली आणि तिथून हलेना. तेवढ्यात पंचाने पाठवलेले दोन रखवालदार आले. ते ओरिनला म्हणाले, साहेब, तुम्हाला बाहेर जावं लागेल. ओरिन उठायला लागला तर वेसने त्याचा शर्ट घट्ट धरला.

"याला कुठे नेताय?" तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात भीती होती. "मग माझ्या पाठीकडे कोण?"

"एमेका आहे ना," ओरिन म्हणाला. "चांगला आहे तो. माझ्यापेक्षा चांगला." आणि त्याने वेसची बोटं एकेक करून सोडवली.

"कोण एमेका?" वेसने विचारलं.

एमेका शेजारीच होता. हेल्मेट काढून गुडघ्यांवर बसलेला, आणि वेसचा दुसरा हात त्याच्याच हातात होता.